बुधवारचं गरम पाणी

१

स्नानगृहाच्या छपरावर पाणी तापवणारी बारा सोलर पॅनेलं होती. पुरुषांच्या बाजूची सहा ठणठणीत, बायकांच्या बाजूची सहा कामातून गेलेली. काचेखालच्या तांब्याच्या नळ्या अशा उकलल्या होत्या की फटीत माझं नख जात होतं. सहा वर्षांपूर्वी ही बाराही पॅनेलं मीच इथे चढवली होती. त्यामुळे प्रेताची ओळख पटवायला नातेवाइकाला बोलवावं, तसं मला बोलावणं आलं होतं.

"काय झालंय?" खालून मॅनेजरबाईंनी विचारलं.

"आत पाणी राहिलं. कडाक्याची थंडी पडली त्या रात्री ते गोठलं. गोठलं की पाणी फुगतं, नळी काही फुगत नाही. फुटली."

"म्हणजे चौकीदारांनी पाणी काढलंच नव्हतं."

"आत पाणी होतं, एवढंच मी म्हणालो. ते कोणी ठेवलं, हे नळी सांगत नाही."

तलावाकाठचा हा कॅम्प वर्षातले चार महिने चालतो. तंबू, होड्या, पोरांचा कालवा. संध्याकाळी शे-दीडशे माणसं वाळूने माखलेली अंगं घेऊन स्नानगृहापुढे रांग लावतात आणि दिवसभर उन्हाने तापवलेलं पाणी तासाभरात संपवतात. उरलेले आठ महिने फाटक बंद. तेव्हा इथे चौकीदार, बदकं आणि वारा एवढेच राहतात, आणि थंडी वाढली की बदकंही निघून जातात.

हंगाम संपला की चौकीदाराचं शेवटचं काम ठरलेलं. स्नानगृहाच्या मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर निचऱ्याचे दोन नळ आहेत, एक पुरुषांच्या बाजूचा, एक बायकांच्या. ते उघडले की छपरावरच्या टाक्यांतलं आणि पॅनेलांतलं सगळं पाणी निघून जातं. नळ मग थंडीभर उघडेच ठेवायचे. कोणी चुकून बंद करू नये म्हणून नळाची दांडी फडक्याने नळीला बांधून टाकायची, ही चौकीदाराची स्वतःची युक्ती.

मी उतरून मागे गेलो. पुरुषांच्या बाजूचा नळ उघडा, फडकं जागच्या जागी. बायकांच्या बाजूचा नळ बंद. फडकं नाही.

"आणि आत या बाजूचे सहाही शॉवर उघडे टाकलेले होते," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या तिशीच्या, शहरातून येऊनजाऊन करणाऱ्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "वय झालंय हो त्यांचं. मला काय हौस आहे? पण शनिवारी समितीची बैठक आहे. चूक कबूल केल्याचा कागद त्यांनी दिला तर प्रकरण मिटेल. खोली सोडून ते मुलीकडे राहायला जातील."

त्या दिवशी गुरुवार होता. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबतो, काय दुरुस्त होतंय ते बघतो. खरं म्हणजे घरी जायची मला घाई नव्हती.

एवढ्यात चौकीदार दोन कप चहा घेऊन आला. सत्तरीचा, ताठ, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कप माझ्या हातात देत तो शांतपणे म्हणाला, "कागद आणा बाई. मी सही करतो."

२

चौकीदाराची खोली म्हणजे एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह आणि भिंतीवर किल्ल्यांची रांग. प्रत्येक किल्लीखाली त्याच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. चौदा वर्षं तो या खोलीत राहिला होता. खुर्ची एकच असल्यामुळे मी खाटेवर बसलो.

"काका, नळ उघडला होता की नाही?"

"उघडला होता."

"मग सही कशाला करता?"

तो कप फिरवत बसला. "मला आठवतंय, मी वाकलो, नळ उघडला, फडकं बांधलं. गुडघा दुखला तेही आठवतंय. पण मिस्त्री, हे मी दर वर्षी करतो. मला आठवतंय ते यंदाचं कशावरून? मागच्या वर्षीचं असेल. त्याच्या मागच्या वर्षीचं असेल." मग आवाज उतरला. "परवा चष्मा डोक्यावर होता आणि मी अख्खी खोली उलटीपालटी केली."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी रोज करतो."

"तुमच्याकडे कोण बघतं?"

ते मात्र खरं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी न्हाणीघराचं दार लावत नाही. लावायचं कोणापासून? ती असताना आत जरा वेळ लागला की दारावर थाप मारायची, "झोपलात की काय आत?" तेव्हा वैताग यायचा. आता कोणी थाप मारत नाही आणि मी दोन मिनिटांत बाहेर येतो.

चौकीदाराला खोली जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मला दिसत होती. त्याचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडत चालला होता. सही केली की तो कायमचा उडणार होता.

"शॉवर उघडे ठेवून गेला होतात?"

"छे! बंद करूनच कुलूप लावतो. पुढच्या हंगामात पंप लावला की सगळीकडे धो धो पाणी नको व्हायला."

"कुलूप कोणी तोडलं?"

"कोणी नाही. कुलूपं जशीच्या तशी."

"तुम्ही कधी बाहेर जाता?"

"बुधवारी. नऊच्या बसने मुलीकडे, सहाच्या बसने परत. नातीला बघून येतो. एरवी मी आणि ही खोली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्नानगृहात गेलो. मधोमध एक चिंचोळी खोली आहे. तिला रस्त्याच्या बाजूला एक छोटं दार आणि बायकांच्या बाजूला एक खिडकी. पूर्वी इथे लाकडांवरचा मोठा बंब होता तेव्हा या खिडकीतून अंघोळीला येणाऱ्यांना टॉवेल देत असत. तो बंब मीच काढला. भरलेला बंब हलवायचा कसा म्हणून मी डोकं खाजवत होतो, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "सगळे शॉवर उघडा, एक थेंब राहणार नाही." खरोखरच राहिला नव्हता. आता त्या खोलीत पंपाचं बटण असतं. बायकांच्या बाजूच्या वरच्या गार पाण्याच्या टाकीत पाणी चढवायला तो पंप; पुरुषांच्या बाजूची टाकी आणि पंप वेगळे. पंप किती तास चालला, ते बटणाशेजारचा आकडा दाखवतो. कॅम्प बंद करताना चौकीदार तो आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवतो. यंदाचा लिहिलेला होता, चारशे बारा.

मी काचेवरची धूळ पुसली. चारशे चोवीस.

कॅम्प बंद असताना पंप बारा तास चालला होता. चौकीदार भिंतीला टेकला.

"मीच लावला असेन का हो?" तो म्हणाला. "लावला आणि विसरलो?"

३

"काका, इथून तुमची खोली किती लांब?"

"चाळीस पावलं."

मी बटण दाबलं. पंप असा ओरडला की आम्हा दोघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी तो बंद केला.

"हे तुम्ही खोलीत असताना बारा तास चाललं असतं तर ऐकलं नसतं?"

"शेजारच्या काठावर ऐकू जातं."

"मग हे बुधवारी चाललं. तुम्ही नसताना."

चौकीदाराच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. आम्ही कॅलेंडरवर मोजलं. कॅम्प बंद झाल्यापासून कडाक्याच्या थंडीपर्यंत अकरा बुधवार. बारा तास, अकरा बुधवार. दर खेपेला एक तास म्हणावं तर एक तास उरत होता, आणि जेवताना दातात काहीतरी अडकावं तसा तो उरलेला तास मला छळत राहिला.

एका तासात पंप सहाशे लिटर पाणी चढवतो. तीस माणसांची अंघोळ. दर बुधवारी तीस माणसं कुलूप न तोडता आत येतात आणि अंगणात एक पाऊलसुद्धा उमटत नाही? मॅनेजरबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "त्यांच्या मुलीकडची मंडळी येत असतील." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मी पुन्हा मागच्या भिंतीपाशी गेलो आणि या वेळी गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसलो. बायकांच्या नळाजवळ नळीवर बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा होता. बाकी सगळीकडे हंगामभराच्या धुळीचा थर, तिथेच तो घासून निघालेला. तसाच पट्टा नळाच्या दांडीवरही होता. दांडी उघड्या स्थितीत आणली की दोन्ही पट्टे एका रेषेत येत. म्हणजे इथे फडकं बांधलेलं होतं, आणि ते नळ उघडा असतानाच बांधलेलं होतं.

"यंदाचंच का पण?" चौकीदार म्हणाला. तो आता माझ्यापेक्षा कडक वकील झाला होता. "पट्टा मागच्या वर्षीचाही असेल."

"फडकं कुठलं वापरता?"

"जुन्या तंबूचं. यंदा निळा तंबू फाटला, त्याचं."

निळं फडकं सापडायला अर्धा तास लागला. वाऱ्याने उडून पडलं असेल म्हणून मी जमिनीवर शोधत होतो आणि ते होतं डोळ्यांसमोर, मागच्या भिंतीतल्या खिडकीच्या कठड्यावर, वर एक दगड ठेवलेला. गाठ कापलेली नव्हती, नखांनी सोडवलेली होती. आणि फडक्याची घडी घातलेली होती. आधी लांबीत तीन पदर, मग मधोमध दुमड, सुटे काठ आतल्या बाजूला.

"पाणीचोर घडी घालून ठेवतो?" चौकीदार म्हणाला.

मलाही तोच प्रश्न पडला होता. एवढ्यात तलावाकडून कोणीतरी शीळ घातली. नावाडी होडी काठाला लावत होता आणि आमच्याकडे बघून हसत होता.

"सापडला का चोर?" तो ओरडला. "मी तर दर बुधवारी ऐकत होतो त्याला!"

४

नावाडी म्हणजे ऐंशी किलोंचं आनंदी माणूस. समोरच्या काठावर राहतो, दर बुधवारी होडी घेऊन बाजाराला जातो आणि तीनच्या सुमाराला याच काठाजवळून परततो.

"ऐकत होतास तर बोलला का नाहीस?" चौकीदार भडकला.

"मला कोणी विचारलं का? मला वाटलं तुमचीच काही धुलाई-सफाई चालली असेल. आणि गरम पाण्याशी माझं काय घेणंदेणं? मी बारा महिने तलावात डुबकी मारतो. गरम पाण्याने माणूस नरम होतो. ह्या मिस्त्रींकडे बघा."

"काय ऐकलंस ते सांग," मी म्हणालो.

"शॉवर. एखादा नाही, सगळे. भर हंगामात संध्याकाळी बायकांच्या बाजूने येतो ना, तसा भरलेला आवाज. अर्धा-पाऊण तास. मग हळूहळू कमी होत बंद."

"आणि बोलणं? हसणं?"

नावाडी वल्हं हातात धरून थांबला. त्याचं हसू मावळलं. "नाही बुवा. हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एक शब्द नाही." मग त्याला राहवलं नाही. "सहा जणी अंघोळीला आणि एकही बोलत नाही? जग बुडालं तरी असं व्हायचं नाही."

तो थट्टा करून गेला, पण मी काठावरच उभा राहिलो. सहा शॉवर, आवाज नाही. म्हणजे सहा माणसं नव्हती. एकच माणूस होतं आणि ते सहा शॉवर चालू करत होतं.

एका माणसाला सहाशे लिटर पाणी कशाला लागतं, ते मला तेव्हाही कळेना. पण ते माणूस कसं आहे, हे आता दिसायला लागलं होतं. कुलूप न तोडता आत जाणारं. पंपाचं बटण ठाऊक असलेलं. निघताना सगळे शॉवर उघडे ठेवून जाणारं. आणि हे गबाळेपणाने नव्हे, कारण गबाळं माणूस फडक्याची घडी घालत नाही. त्याने शॉवर मुद्दाम उघडे ठेवले होते. सगळे शॉवर उघडा, एक थेंब राहणार नाही. बंब रिकामा करण्याची ती रीत! त्याने जाताना दर वेळी प्रामाणिकपणे पाणी काढलं होतं, फक्त सहा वर्षांपूर्वी मी काढून टाकलेल्या बंबाच्या पद्धतीने.

"काका," मी विचारलं, "टॉवेलच्या खोलीचं ते छोटं दार. तुमच्या भिंतीवर त्याची किल्ली नाही."

"ती कधी माझ्याकडे नव्हतीच. ती टॉवेलबाईकडे असायची." तो बोलता बोलता थांबला. "बंब गेला तेव्हा तिचं कामही गेलं. तेव्हापासून ती इथे फिरकली नाही. माझ्याशीही बोलत नाही. पलीकडे वळणावर राहते, एकटीच."

बंब गेला तेव्हा तिचं कामही गेलं. हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

५

दार उघडायच्या आधी आतून रेडिओचा आवाज येत होता. दार उघडल्यावर तो तिने बंद केला. साठीपुढची, बुटकी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"बंब मोडणारे मिस्त्री," ती म्हणाली. "या. आता काय मोडायला आलात?"

स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर जुनी वर्तमानपत्रं रचलेली. तिने ती उचलून जमिनीवर ठेवली. ओट्याच्या कडेवर भांडी पुसायची फडकी होती. लांबीत तीन पदर, मधोमध दुमड, काठ आत.

मी खिशातून निळं फडकं काढून टेबलावर ठेवलं. तिने ते ओळखलं. लपवाछपवी केली नाही.

"हो, मी जाते," ती म्हणाली. "किल्ली कोणी परत मागितली नाही. पाणी तलावाचं, ऊन देवाचं. कोणाचं काय घेतलं मी?"

"अंघोळीला जात होतात?"

"घरात न्हाणीघर आहे माझ्या." तिने निळ्या फडक्याची दुमड बोटांनी सरळ केली. मग म्हणाली, "हसाल."

"नाही हसणार."

"एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसले, मिस्त्री. बंबाचं पाणी पुरायचं नाही, म्हणून प्रत्येकीला टॉवेल द्यायचा, बिल्ला द्यायचा आणि पाच मिनिटं झाली की दार ठोकायचं. 'बाई, आटपा, बाहेर रांग आहे.' आतून कोणी भांडायची, कोणी गाणं म्हणायची. तुम्ही सूर्याला कामाला लावलंत. पाणी भरपूर झालं, मग बिल्ले कशाला आणि मी कशाला? मी जाऊन सहाही शॉवर सोडते आणि खिडकीत बसते. वाफ येते, आवाज होतो. डोळे मिटले की आत सहा जणी आहेत असं वाटतं. पाणी संपलं की उठून घरी येते. झालं."

मी हसलो नाही. माझ्या घरी मी रेडिओ चालू ठेवूनच बाहेर पडतो, परत येताना आत कोणीतरी बोलत असावं म्हणून. हे मी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

"आणि हे फडकं?"

"ते का! पहिल्याच बुधवारी पंप लावला तर मागे पाण्याचा लोट. बघते तर बागेचा नळ उघडा, वर फडक्याने बांधून ठेवलेला! म्हटलं, चौकीदाराची अक्कल चरायला गेली. बंद केला. नाहीतर सगळं पाणी गटारात गेलं असतं."

"तो बागेचा नळ नाही, बाई."

तिने फडक्यावरचा हात मागे घेतला.

"त्या दिवशी पंप किती वेळ चालवलात?"

"दोन तास. वरून पाणी येईचना. मग तीनपर्यंत ऊन खात बसले, तेव्हा कुठे गरम झालं. पुढे दर खेपेला तासभरच."

माझ्या दातात अडकलेला तो एक तास सुटला.

"आणि पुढच्या बुधवारांना गरम पाणी किती वेळाने यायचं?"

"लगेच. शॉवर सोडला की वाफ."

"दर बुधवारी तुम्ही सगळं रिकामं करून जात होतात. मग रिकाम्या टाकीतून गरम पाणी लगेच कसं आलं?"

ती हुशार होती, मला फार समजवावं लागलं नाही. बंबाचं पाणी तळातून निघायचं, म्हणून शॉवर उघडले की बंब कोरडा. सोलरच्या टाकीतलं गरम पाणी माथ्यावरून निघतं. वरची गार टाकी संपली की शॉवर थांबतात, पण सोलरची टाकी आणि पॅनेलं काठोकाठ भरलेलीच राहतात. त्यांना रिकामं करणारा एकच नळ, आणि तो तिने बागेचा समजून बंद केला होता.

"पॅनेलं फुटली ती माझ्यामुळे?" तिने विचारलं. "मी ऐकलं होतं. म्हटलं, मी तर पाणी काढून येते."

"आणि चौकीदारकाका उद्या सही करणार आहेत. आपण विसरलो म्हणून. त्यांना वाटतंय आपलं डोकं गेलं."

टॉवेलबाई उठली. खुंटीवरची छोट्या दाराची किल्ली काढून तिने मुठीत घट्ट धरली.

"बैठक किती वाजता?"

६

शनिवारी दहा वाजता मॅनेजरबाई कॅम्पच्या ऑफिसात कागद घेऊन आल्या. समितीचे लोक दुपारी यायचे होते. चौकीदाराने पेन हातात घेतलंसुद्धा होतं, तेव्हा आम्ही दोघं दारात पोहोचलो.

टॉवेलबाईने प्रस्तावना केली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "नळ मी बंद केला. ह्यांनी उघडलेला होता."

मग मी सगळं क्रमाने मांडलं. निळा तंबू यंदाच फाटला, म्हणजे फडकं यंदाचं. गाठ सोडवून घडी घातलेली, म्हणजे ते आधी बांधलेलं होतं. आणि शेवटचा पुरावा पंपाच्या आकड्याचा. पहिल्या बुधवारी पंप एक तास जास्त चालला, कारण शॉवरला पाणी येण्याआधी छपरावरची टाकी आणि पॅनेलं भरावी लागली. ती भरावी लागली, कारण ती रिकामी होती. काकांनी ती रिकामी केली होती, यंदा, वेळेवर.

"म्हणजे मी उघडला होता," चौकीदार म्हणाला.

"हो, काका."

"गुडघा दुखला तो यंदाच."

"यंदाच."

त्याने पेनाला टोपण लावलं. ते लावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. टॉवेलबाईने खुंटीवरचा टॉवेल काढला, सवयीने एकदा झटकला आणि त्याच्या हातात दिला. सहा वर्षांनी ती दोघं एकमेकांशी बोलली. "बघून बांधायचं ना," ती म्हणाली, "वर एक पाटी लावायची, 'नळ बंद करू नये'. मला काय स्वप्न पडलं होतं?" तो म्हणाला, "अंधारात चोरासारखं यायचं नाही, मला हाक मारायची." ती म्हणाली, "भर दुपारी यायचे मी, अंधारात कशाला येऊ?"

"पण मग मी अहवालात कारण काय लिहू?" मॅनेजरबाईंनी मला विचारलं.

"झालं ते सगळं लिहा. आणि खाली माझं मत लिहा. बसवणाऱ्याने निचऱ्याचा नळ बागेच्या नळासारखा बसवला, वर पाटी लावली नाही आणि आधी इथे काम करणाऱ्यांना नवी पद्धत दाखवली नाही. बसवणारा मी. नळ्या मीच जोडून देतो."

मॅनेजरबाईंनी तो कबुलीचा कागद दोनदा फाडला. मग खिडकीबाहेर स्नानगृहाकडे बघत म्हणाल्या, "गेल्या हंगामात लोक अर्धा अर्धा तास आत बसायचे. शेवटच्यांना गार पाणी. रोज तक्रारी." त्यांनी टॉवेलबाईकडे वळून बघितलं. "त्या बिल्ल्यांचं काय केलंत?"

"आहेत," टॉवेलबाई म्हणाली. "घासून ठेवलेत."

७

नळ्या जोडायला मला पंधरवडा पुरला असता. मी महिना लावला. चौकीदाराने कुठूनतरी दुसरी खुर्ची आणली होती.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही टाक्या भरल्या आणि संध्याकाळी खाली उतरलो. तळावर अजून कोणी नव्हतं. चिंचोळ्या खोलीची खिडकी मात्र उघडी होती आणि आत टॉवेलबाई बसली होती. शेजारी टॉवेलांची चळत, तीन पदर, मधोमध दुमड.

"पुरुषांची बाजू डावीकडे," ती म्हणाली आणि एक टॉवेल व पितळेचा बिल्ला पुढे सरकवला. चार नंबर. "पाच मिनिटं."

"मी कुठे अंघोळीला आलोय?"

"मग काय बघायला आलात? स्वतःच्या पाण्याची परीक्षा कोण करणार, मी?"

खरंच की. तीस वर्षं मी लोकांच्या अंघोळीचं पाणी तापवत आलो. वसतिगृहं, तरणतलाव, कॅम्प. त्या पाण्याने एकदाही अंघोळ केली नव्हती. हात लावून बघायचा आणि पुढच्या कामाला निघायचं.

मी चौथ्या शॉवरखाली गेलो. दाराला हात लावला, जरा थांबलो आणि नऊ वर्षांनी आतून कडी लावली. पाणी गरम होतं. मानेवर पडलं, पाठीवरून खाली गेलं. दिवसभराचं ऊन होतं त्यात. मी किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही.

दारावर थाप पडली.

"मिस्त्री, झोपलात की काय आत? बाहेर रांग आहे!"

बाहेर रांग नव्हती. अख्ख्या तळावर आम्ही तिघंच होतो. मी ओ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती आणखी एकदा थाप मारेपर्यंत मी तसाच पाण्याखाली उभा राहिलो.